मराठवाड्यात हिवाळी एमटीबी (माउंटन बाइक) आणि तंबूचा मुक्काम: माळ, बालाघाट, अजिंठ्याची रांग (रूट, काटे, पाणी सगळं इथंच टाका)

माळावरचा, छत्रपती संभाजीनगर

दिवाळी होऊन गेली, पांदणी वाळल्या, सकाळी हँडलवर बोटं गार पडायला लागली, म्हणून धागा काढतोय. दरवर्षी या दिवसांत ग्रुपवर सुटे सुटे प्रश्न येतात, कुठं जायचं, तंबू कुठं टाकायचा, काटे किती, आणि उत्तरं खाली वाहून जातात. ह्यावेळी एका जागी राहू द्या.

माझं म्हणणं सरळ आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत कच्च्या वाटेवर सायकल चालवायला आपल्यासारखा मुलूख महाराष्ट्रात दुसरा नाही, आणि आपणच तो सोडून गाडीवर सायकली बांधून पुण्याच्या पलीकडं जातो. पर्जन्यछाया आपल्या नशिबी आली ती वाईटच, लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे कोणी विसरलेलं नाही. पण सह्याद्रीनं ढग अडवल्यामुळंच आपल्याकडं हिवाळ्यात आभाळ महिनामहिना स्वच्छ राहतं, दिवसा अठ्ठावीस-तीस डिग्री कोवळं ऊन, रात्री दहा-बारा, उत्तरेचं वारं सुटलं की एकआकडी. परभणीचा आकडा तर दर थंडीत पेपरात येतोच. पावसाळ्यात काळ्या रानात सायकल घातली की थोड्याच अंतरात चिखल फोर्कात गच्च बसतो आणि चाक फिरायचं थांबतं, तीच माती आत्ता टणक झालेली असते. फक्त ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पण तशाच वाळून कडक झालेल्या असतात, त्यात पुढचं चाक अडकलं की माणूस आडवा, म्हणून पांदणीत नजर चार हात पुढं ठेवायची. आणि माळावर मुरूम लागला की मग काय सांगावं, चाकाखाली बारीक करकर आवाज, दोन्ही बाजूला पिवळं गवत आणि कुठंच गाडी नाही.

संभाजीनगरकरांनी सुरुवात करायला माझा आवडता दोन दिवसांचा फेरा असा. शहरातून पहाटे निघून दौलताबाद, तिथली वेस आणि घाट सकाळी आठच्या आत पार करायचा, कारण रविवारी त्या दरवाजात गाड्यांची कोंडी होते आणि सायकलवाल्याला कोणी जागा देत नाही. पुढं खुलताबाद, चहा, भजी, आणि तिथून म्हैसमाळची चढण. म्हैसमाळ हजार मीटरच्या वर आहे, चढ एकसारखा आहे, तोडणारा नाही. वर गिरिजामातेच्या देवळात टेकायचं आणि मग डांबरी सोडून पठाराच्या कडेकडेनं गुराख्यांच्या वाटा धरायच्या. काळ्या खडकाच्या पायऱ्या आहेत, मधेच मांजऱ्या खडक आहे जो टायरला छान धरतो. मुक्काम ओळखीच्या शेतात, विचारून. दुसऱ्या दिवशी वेरूळच्या बाजूला उतरून कन्नडच्या दिशेनं आतल्या गावांतून जायचं आणि जमलं तर पितळखोऱ्याच्या लेण्यांपर्यंत. पितळखोरा गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं, १९८६ पासून अभयारण्य आहे ते, तिथं नाक्यावर विचारल्याशिवाय सायकल आत घालायची नाही आणि मनानं तंबू तर अजिबातच टाकायचा नाही. बिबट्या आहे हे एक, आणि कायदा आहे हे दुसरं.

वेरूळ, अजिंठा, देवगिरी ही पुरातत्त्वची ठिकाणं, संध्याकाळी बंद. किल्ल्यावर रात्र काढू का असं दरवर्षी कोणीतरी विचारतं म्हणून आधीच लिहितो, नको. पायथ्याच्या गावात विचारा, जागा मिळते, जेवणही मिळतं.

बाकीच्यांनी आपापल्या जिल्ह्याचं टाका. बीड, धाराशिव, नांदेडकडच्या वाटा मला नीट माहीत करून घ्यायच्यात.

नवीन_गिअर, जालना

धागा काढला ते लई बरं झालं दादा. मी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढं शॉकअप असलेली सायकल, घेतली दसऱ्याला, एकोणतीसचं चाक, दोन पॉइंट एकचे टायर, आतमधे साध्या ट्यूब. गावाकडं नेली तर पहिल्याच दिवशी दोन्ही चाकं बसली. दुकानदार म्हणला होता एमटीबीला पंक्चर होतच नाही. आता दुसऱ्यांदा जायची हिंमत होईना. काय करावं?

पंक्चरवाला, अंबड रोड

जालन्याचाच आहे मी, नीट सांगतो, कारण इथं लोक खचतात ते चढामुळं नाही, काट्यामुळं.

आपल्याकडं तीन काटे आहेत. पहिला सराटा. जमिनीलगत पसरणारं, बारीक पिवळ्या फुलाचं ते तण, पावसाळ्यानंतर वाळतं आणि त्याची फळं फुटून काटेरी तुकडे वाटेवर पडतात. एक तुकडा हातात घेऊन बघा, कसाही टाकला तरी त्याचा एक तरी काटा वर राहतोच, तशीच त्याची घडण आहे. लांबीला फार नसतो पण एका जागी पन्नास असतात, आणि सायकल पांदणीच्या कडेला, गवतात उभी केली की दोन्ही टायर भरून येतात. दुसरा बाभळीचा, देशी बाभळीचा पांढरा लांब काटा, हा जाड टायरच्या पण आरपार जातो, शेतकरी कुंपणाला फांद्या लावतात त्यातल्या तुटून वाटेवर येतात. तिसरी वेडी बाभूळ, ओढ्याच्या आणि गावठाणाच्या कडेला, तिचे काटे आखूड पण फार चिवट, आत मोडून राहतात, आणि ट्यूब बदलली तरी मोडलेलं टोक टायरमधेच असल्यानं परत पंक्चर. तुमची दोन्ही चाकं एकदम बसली म्हणजे सराटाच असणार.

उपाय, ट्यूबलेस करा. रिम ट्यूबलेसला चालणारी आहे का हे आधी बघा, टेप, व्हॉल्व आणि आतमधे सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं पातळ द्रव. सराट्यानं टायरला वीस भोकं पडली तरी ती आतल्या आत बुजतात, कळत पण नाही. बाभळीचा काटा दिसला तर काढा आणि लगेच चाक फिरवून भोक खालच्या बाजूला आणा म्हणजे सीलंट तिथं जमा होतं, पाच-दहा सेकंद फसफस होते आणि थांबते. आता आपल्याकडची अडचण अशी की कोरड्या हवेत सीलंट लवकर सुकतं. दिवाळीला भरलं असेल तर संक्रांतीच्या आसपास व्हॉल्व काढून एकदा बघायचं, चाक कानाशी धरून हलवलं आणि आत पाणी हलल्याचा आवाज आला नाही तर परत भरायचं.

हवा फार ठासू नका. साठ-सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबलेसवर पुढं बावीस-तेवीस, मागं पंचवीस-सव्वीस पीएसआय पुरतं, मुरमावर पकड येते आणि खडकावर हातपाय कमी हादरतात. ट्यूबवरच राहणार असाल तर थोडी जास्त ठेवा, नाहीतर दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात.

आणि ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप आणि एक छोटा चिमटा सोबत हवाच. चिमटा विसरू नका, मोडलेला काटा नखानं निघत नाही.

बालाघाटी, बीड

बीडचं मी लिहितो. लोकांना बीड म्हणलं की ऊसतोड आणि दुष्काळ एवढंच आठवतं, पण बालाघाटाचं पठार सायकलवाल्यानं बघावं असं आहे. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढला की तुम्ही वर आलात, मग दिवसभर फारसं उतरायचं काम नाही. मांजरसुंब्याजवळ कपिलधार, मन्मथस्वामींचं स्थान, दरीत धबधबा आहे, डिसेंबरात पाणी बारीक होतं पण गारवा असतो. कार्तिक पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा असते, दिंड्या येतात, त्या दोन-तीन दिवसांत सायकल नेऊ नका, रस्ता भाविकांचा आहे.

तिथून पाटोद्याकडं निघालं की नायगावचं मयूर अभयारण्य लागतं. सकाळी लवकर गेलात तर मोर बघायला वेगळं थांबावं लागत नाही, आडवेच जातात. आत जायचं तर तिथंही वनखात्याला विचारून. अजून पुढं सौताडा, विंचरणा नदीची खोल दरी आणि खाली रामेश्वराचं देऊळ. दरीत सायकल नेऊ नका, वर कोणाच्या तरी हवाली करून पायऱ्यांनी उतरा.

पण खरी गंमत पवनचक्क्यांच्या वाटांवर. पाटोद्याच्या बाजूला डोंगराच्या धारेवर पवनचक्क्या आहेत, त्यांची पाती वर न्यायला मुरमाचे रुंद रस्ते केलेत, वळणं मोठी, चढ बेताचा, आणि वर गेलं की धारेधारेनं एका चक्कीपासून दुसरीपर्यंत लांबच लांब चालवता येतं. बहुतेक जागी राखण करणारा माणूस असतो, त्याला रामराम घालून, कुठून आलो कुठं चाललो सांगून जायचं, तारेच्या आत शिरायचं नाही. वर वारा जोरदार असतो, दुपारनंतर तर हँडल हलतं, म्हणून धार सकाळी करायची. आणि तंबू धारेवर नको, वाऱ्याच्या आडोशाला जरा खाली.

एक महत्त्वाचं. नोव्हेंबर ते मार्च कारखाने चालू असतात. संध्याकाळनंतर डांबरी रस्त्यावर दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस बाहेर लोंबकळलेला. डिसेंबरात पावणेसहा-सहाला सूर्य जातो आणि मग अंधार फार पटकन पडतो. पाचला जिथं असाल तिथं मुक्कामाचं बघायचं, अंधारात हायवेनं गाव गाठू म्हणायचं नाही.

शेतीवाला, परभणी

मी सायकल चालवत नाही, शेती करतो, माझ्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, तुमच्यासारखी पोरं मुक्कामाला येतात म्हणून लिहायलो. वाचून बरं वाटलं की विचारून राहा असं लिहिलंय. पण विचारून म्हणजे काय ते जरा सांगतो.

रानात रात्री फिरू नका. हे पहिलं आणि शेवटचं. डुकरांनी रानं उकरली म्हणून सगळीकडं झटका मशीन बसल्यात, कुंपणाच्या तारेत करंट सोडणाऱ्या. सोलरवरची झटका मशीन असली तर चटका बसतो, माणूस मरत नाही, पण काही ठिकाणी लोक लाइनीची तार थेट सोडतात, ते बेकायदेशीर आहे आणि त्यानं माणसं मेलेली आहेत, जनावरं तर किती. दिवसा तार दिसते, रात्री दिसत नाही. बांधावरनं उजेडात जा, अंधार पडल्यावर तंबू सोडून रानात शौचाला सुद्धा लांब जाऊ नका, आधी मालकाला विचारा तार कुठून कुठवर आहे.

दुसरं, गहू हरभऱ्याला पाणी देण्याचे हेच दिवस, आणि थ्री फेज लाइट बऱ्याच वेळा रात्रीच असते. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन कोणी तुमच्या तंबूजवळून गेलं तर घाबरून ओरडू नका, तो दारं धरायला चाललाय. आणि तंबू पाटाच्या खालच्या अंगाला टाकू नका, पाटफुटी झाली की तुम्ही पाण्यात.

तिसरं, उभ्या पिकात कोणी मुद्दाम सायकल घालत नाही हे मला माहिती आहे, पण पेरलेलं आणि पडीक यातला फरक शहरातल्या पोरांना कळत नाही. हरभरा लहान असताना माळासारखाच दिसतो. शंका आली की थांबा आणि कोणाला तरी विचारा.

पैसे देऊ का म्हणून विचारतात पोरं. जेवणाचे द्या, घरच्या बाईच्या हातात द्या. जागेचे मी घेत नाही.

चंडोल, लातूर

शेतीवाले काका, झटका मशीनचं लिहिलंत ते फार गरजेचं होतं, हे कुठल्याच सायकलच्या पानावर वाचायला मिळत नाही.

मी बायकांच्या बाजूनं लिहिते. आम्ही मैत्रिणी मिळून जातो, घरच्यांचा पहिला प्रश्न असतो रात्री कुठं राहणार. आमची पद्धत अशी, तंबू नेतो पण एकटा माळ धरत नाही. गावात दुपारी चारच्या आधी पोचायचं, ज्या घरात आजी आहे ते घर बघायचं, आजीशी बोलायचं, आणि त्यांच्या अंगणात नाहीतर आखाड्यावर तंबू लावायचा. आजी एकदा हो म्हणली की गावात परत कोणी विचारत नाही. न्हाणीची सोय होते, पहाटे चुलीवर गरम पाणी मिळतं. सरपंच, पोलीस पाटील यांना कळवून ठेवायचं, ते नंबर लिहून घेतात आणि त्यानं घरच्यांना पण धीर येतो.

अजून एक, पायमोजे. गवतातनं गेलं की कुसळं पायमोज्यात घुसतात आणि दिवसभर टोचतात, एकेक काढत बसावं लागतं. लोकरीचे नकोच, गुळगुळीत कापडाचे गेटर्स नाहीतर जुन्या छत्रीच्या कापडाच्या पट्ट्या घोट्याला बांधा.

आणि कुत्री. धनगरांच्या मेंढरांमागं जी कुत्री असतात ती सायकलच्या मागं लागतात, जोरात पायडल मारून पळायचा प्रयत्न करू नका, उतरा, सायकल मधे धरा आणि धनगरदादांना हाक मारा. ते लगेच बोलावून घेतात.

पुणेकर_मूळचा_नांदेड

छान धागा. मला थंडीबद्दल विचारायचंय. मागच्या जानेवारीत औंढ्याच्या बाजूला ओढ्याच्या काठी झाडाखाली मस्त जागा बघून तंबू लावला, पहाटे इतकी थंडी वाजली की झोप नाही, तंबू आतून बाहेरून ओला. स्लीपिंग बॅग दहा डिग्रीची होती. बॅग बदलू की अजून काही?

माळावरचा

बॅगेआधी जागा बदला. स्वच्छ आभाळाच्या रात्री जमीन उष्णता वर सोडून भराभर गार होते, तिच्या लगतची हवा पण गार आणि जड होते आणि उतारानं वाहत वाहत ओढ्यात, खळग्यात जाऊन साचते. ओढ्याच्या काठी आणि पन्नास-साठ फूट वरच्या माळावर पहाटे दोन-चार डिग्रीचा फरक सहज पडतो, हातात थर्मामीटर धरून बघितलंय. शिवाय पाण्याजवळ आणि भिजवलेल्या गव्हाजवळ दव जास्त. उताराच्या मधल्या टप्प्यावर, पूर्वेला तोंड करून तंबू लावा, साडेसातला ऊन थेट दारात येतं आणि कापड वाळवून गुंडाळता येतं. तंबूच्या वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, आपल्याच श्वासाचं पाणी आत धरतं.

खाली मॅट जाड हवी. थंडी निम्मी जमिनीतून येते. फोमची मॅट आणि त्यावर घरातली वाकळ, मला अजून ह्याच्याइतकं काही पटलेलं नाही, वजन आहे पण मागच्या कॅरिअरला बसते. झोपताना बाटलीत गरम पाणी भरून पायाशी घ्या, सकाळी तेच प्यायला होतं.

आणि रात्री एकदा बाहेर येऊन वर बघा. मृग, व्याध, कृत्तिका सगळं डोक्यावर असतं, आणि १३-१४ डिसेंबरच्या रात्री जेमिनिड उल्का पडतात, चंद्र नसला तर आपल्या माळावरून जितक्या दिसतात तितक्या शहरातला माणूस जन्मभर बघत नाही.

रानवाट, किनवट

माळाचं कौतुक चाललंय, पण नांदेडचा आमचा कोपरा विसरू नका. किनवट, माहूर हे मराठवाड्यातलं खरं जंगल, सागवानाचं. जानेवारी-फेब्रुवारीत सागाची पानं वाळून वाटेवर पडतात, त्याखालचा दगड दिसत नाही म्हणून उतारावर ब्रेक हलक्या हातानं. माहूरचा चढ चांगलाच आहे, वर रेणुकामाता, दत्तशिखर, किल्ला. पैनगंगा खाली. सहस्रकुंडाला हिवाळ्यात पाणी कमी असतं पण काळ्या खडकाचं पात्र बघण्यासारखं आहे. तांड्यावर मुक्काम केला तर बंजारा मंडळी फार माया लावतात, मात्र तांड्याच्या नायकाला आधी भेटायचं.

माझ्या मते तरी दोन दिवस सलग चालवायला सावली पाहिजे, माळावर दुपारी डोकं तापतं, हिवाळा असला तरी.

बालाघाटी

सावलीचं पटलं, पण जंगलात शेकोटी, मुक्काम यावर बंधनं जास्त, माळावर मोकळीक आहे. संध्याकाळी शेकोटीभोवती बसल्याशिवाय हिवाळी मुक्काम कसला?

माळावरचा

इथं मी ठामपणे विरोधात आहे. माळावरचं गवत डिसेंबरात वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी वाऱ्यावर गेली की डोंगर जातो. वणव्यात गवत जातंच, ते पुढच्या पावसात परत येतं, पण त्यात जमिनीवर घरटी करणारे चंडोल, टिटव्या जातात, लावलेली झाडं जातात, आणि गुरांचा उन्हाळ्याचा चारा जातो, म्हणजे ज्याच्या माळावर आपण पाहुणे म्हणून झोपलो त्याचंच नुकसान. स्वयंपाकाला गॅसचा छोटा स्टोव्ह न्या, दगडाच्या आडोशाला, आजूबाजूचं गवत हातानं उपटून.

शेतीवाला

माळावरचा बरोबर बोलायलाय. शेकायचंच असलं तर आखाड्यावर या. हुरड्याची आगटी आम्ही खळ्याच्या साफ जागेत करतो, खड्डा घेऊन, गोवऱ्या लावून, बाजूला पाण्याची घागर. काम झालं की माती लोटतो. तिथं बसा की रात्रभर.

बालाघाटी

मान्य काका. शेकोटी आखाड्यावरच, माळावर गॅस. माझ्या ग्रुपला पण हेच सांगतो.

उदगीरकर

हुरड्याचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडं लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागात मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते, वेळ अमावस्या. शहरं रिकामी होतात, जिल्ह्यात सुट्टी असते, सगळे रानात. ज्वारीच्या ताटात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून पांडवांची पूजा करतात आणि मग जेवण, भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर आणि माठातलं आंबिल. भज्जी म्हणजे तळलेली भजी समजू नका बाहेरच्यांनी, तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, शेंगदाणे, भाज्या, सगळं आंबट ताकाच्या बेसनात शिजवलेलं दाट कालवण असतंय.

त्या दिवशी आमच्या भागात सायकल काढा. सकाळी उदगीरहून हत्तीबेटाकडं जा, देवर्जनजवळ, टेकडी लहान आहे पण वर कोरीव लेणी आहेत आणि चौफेर रान दिसतंय. वाटेत प्रत्येक शेतातून हाक येते, जेवून जा म्हणून. नाही म्हणायचं नसतं. दोन घास घ्या आणि पुढं चला, नाहीतर तिसऱ्या शेतानंतर सायकलवर बसवणार नाही. आंबिल पिऊन ऊन अजिबात लागत नाही, हे मात्र खरं.

ओळख असो नसो, त्या दिवशी पाहुणा उपाशी जात नाही. मी बाहेरगावी नोकरी केली, कुठल्या कुठल्या ट्रेल बघितल्या, पण अनोळखी माणसाला रस्त्यात थांबवून जेवायला बसवणारी दुसरी वाट मला भेटली नाही.

नवीन_गिअर

वाचूनच जावं वाटायलंय. पाण्याचं कसं करता? आणि साप?

रानवाट

साप हिवाळ्यात कमी दिसतात पण घोणस या दिवसांत रात्री फिरते, गवतात, कडब्याच्या गंजीजवळ. रात्री बॅटरीशिवाय पाय टाकायचा नाही, बूट तंबूच्या आत, सकाळी झटकून घालायचे, दगड उचलताना विंचू बघायचा. चावलंच तर बांधाबांध, चिरा मारणं, मांत्रिक काही नाही, अंग न हलवता १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. निघायच्या आधी रूटवर ग्रामीण रुग्णालय कुठं आहे तेवढं नकाशात बघून ठेवा.

पंक्चरवाला

पाणी, दिवसाला माणशी चार लिटर धरा, हिवाळा म्हणून कमी नको, कोरड्या हवेत घाम दिसत नाही पण ओठ फुटतात. बोअरचं पाणी बऱ्याच गावात जड आहे, पोट बिघडतं. आता खूप गावांत नाणं टाकून फिल्टरचं पाणी मिळतं, ग्रामपंचायतीजवळ विचारा. फेब्रुवारी उजाडला की वाड्यावस्त्यांवर पाण्याची ओढ सुरू होते, तेव्हा घरातल्या हंड्यातून बाटल्या भरून मागू नका, प्यायला मागा, भरून घ्यायचं ते मोठ्या गावात.

चंडोल

हे फार बरोबर. आणि त्या पाण्यानं सायकल धुवायची नाही. धूळच आहे, ब्रशनं निघते. साखळी कोरड्या फडक्यानं पुसून कोरड्या हवेचं ल्यूब, थेंब थेंब, जास्तीचं पुसून टाकायचं. ओलं तेल लावलं की मुरमाची धूळ चिकटून साखळी घासते.

नवीन_गिअर

ट्यूबलेस करायला टाकली आज. पहिलीच वेळ आहे म्हणून मांजरसुंबा, कपिलधार, नायगाव एवढंच करू का, एक मुक्काम? एकटाच आहे.

बालाघाटी

एकटं नको, पहिल्या वेळी तरी. पुढच्या शनिवारी आम्ही तिघं निघतोय, सकाळी सहाला बीडमधून, नऊपर्यंत घाट वर, दुपारी कपिलधार, संध्याकाळी नायगावच्या अलीकडं ओळखीच्या आखाड्यावर मुक्काम, त्या मालकाला आधीच फोन केलाय. जालन्याहून शुक्रवारी संध्याकाळी ये, माझ्याकडं झोप. सीलंट भरून दोन दिवस जवळपास चालवून बघ, कडेनं हवा जात नाही ना. हेल्मेट, मागचा लाल दिवा, चार लिटर पाण्याची सोय, वाकळ, आणि तो चिमटा. बाकी तवा, स्टोव्ह माझ्याकडं आहे.

नवीन_गिअर

येतो दादा. मेसेज टाकलाय तुम्हाला. भाकरी आणि ठेचा माझ्याकडून, किती जणांच्या आणू?

बालाघाटी

चौघांच्या, दोन वेळच्या. आणि मालकाच्या घरासाठी जालन्याची मोसंबी आण थोडी.